तेराचा पाढा म्हणत पळा

वीस वर्षं हिशेबाच्या नोकरीत खुर्चीवर काढली आणि ४४व्या वर्षी मी पहिल्यांदा पळायला बाहेर पडले. घर ते ऑफिस दुचाकी, ऑफिसात लिफ्ट, संध्याकाळी सोफा. दोन जिने चढले की बोलताना शब्द तुटायचे. पुण्यात आमच्या घराजवळ एका शाळेचं मैदान सकाळी लोकांसाठी उघडं असतं. तिथं नवे बूट घालून मी जोरात सुटले आणि अर्ध्या फेरीतच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. छाती भात्यासारखी हलत होती, तोंडाला लोखंडासारखी चव आली होती.

मैदानाच्या कट्ट्यावर पी. टी. शिकवून निवृत्त झालेले एक सर बसलेले असायचे. त्यांनी हाक मारली, "ताई, तेराचा पाढा येतो का?"

"येतो की."

"मग तो मोठ्यानं म्हणत पळा. मला इथपर्यंत ऐकू आला पाहिजे."

मी निघाले. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक... आणि श्वास संपला. सर म्हणाले, "पाढा तुटला म्हणजे वेग जास्त झाला. कमी करा." कमी केला. पुन्हा तेरा चोकला अडकले. आणखी कमी केला. ज्या वेगात "तेरा दाहे एकशे तीस"पर्यंत न अडखळता पोचले, तो वेग भराभर चालण्यापेक्षा थोडासाच जास्त होता. पण ते पळणंच होतं, कारण प्रत्येक पावलाला दोन्ही पाय क्षणभर जमीन सोडत होते. नव्या माणसाला मी आजही सगळ्यात आधी हेच सांगते. पाढा म्हणता येईल इतकंच जोरात पळायचं. घड्याळ, अॅप, वेगाचे आकडे हे सगळं नंतर बघू.

मैदानावर जायच्या आधी

चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, सिगारेट चालू असेल किंवा वजन बरंच जास्त असेल, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. "मला पळायला सुरुवात करायची आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे बीपी, साखर आणि गरज वाटली तर ईसीजी वगैरे ते ठरवतील. बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्याच. ते कमी असेल तर कितीही हळू पळालात तरी धाप लागते आणि आपल्याला वाटतं, आपल्यात दमच नाही.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना व्यायामानं साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातला आकडा फसवतो, पाढा मात्र फसवत नाही.

पळताना छातीवर दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा थंड घाम फुटला, तर तिथेच थांबा, सोबतच्या माणसाला सांगा आणि थेट दवाखाना गाठा. फेरी पूर्ण करू, घरी जाऊन बघू, गॅसेस असतील, असं अजिबात करू नका.

दम आधी येतो, हाडं मागून

नव्यानं पळणाऱ्यांची दुखणी बहुतेक एकाच कारणानं होतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

पळायला लागलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. तीन-चार आठवड्यांत धाप कमी झालेली स्वतःलाच जाणवते. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी त्यातला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. भिंतीला गिलावा करायच्या आधी जुना खरवडावा लागतो, तसंच. म्हणजे मधले काही आठवडे हाड उलट थोडं कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपला दम वाढलेला असतो, आणखी पळावंसं वाटत असतं. पळताना प्रत्येक पाऊल पडतं तेव्हा अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर दीड-दोनशे किलो, तेही एका किलोमीटरमध्ये दोन्ही पाय मिळून हजारापेक्षा जास्त वेळा.

मला हे कळलं ते चूक करून. पाचव्या आठवड्यात एका रविवारी हवा छान होती, दम पुरत होता, पाढाही तुटत नव्हता. ठरलं होतं दोन मिनिटं पळून दोन मिनिटं चालायचं. मी न थांबता पाच किलोमीटर पळाले. घरी आले तेव्हा आनंदानं डोळ्यांत पाणी आलं होतं. मंगळवारी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि उजव्या नडगीच्या आतल्या बाजूनं कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. पुढचे सहा आठवडे पळणं बंद होतं. मैदानाच्या बाहेरून रिक्षानं जाताना आत पळणारी माणसं दिसायची आणि फार वाईट वाटायचं.

म्हणून नडगीची एक परीक्षा सांगून ठेवते. नडगीच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट दाबत न्या. दुखणं चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात पसरलेलं असेल, तर बहुतेक सूज असते. थोडे दिवस पळणं थांबवा, बर्फ लावा आणि पुन्हा सुरू करताना मागच्या पायरीवरून करा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकताच कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या पायावर उभं राहून उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग लेप, मसाज, मालिश काही न करता हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाल्या आणि शर्यत जिंकल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी त्यांना बक्षिसाच्या पैशांची गरज होती. त्यांची गोष्ट सांगून "त्यांना जमतं तर तुम्हाला का नाही" असं म्हणणारे खूप भेटतात. पण लताबाईंच्या पायांत आयुष्यभराची शेतमजुरी होती. त्यांची हाडं कित्येक वर्षं रोज भार झेलत आली होती. आपले पाय टेबलाखाली वाढलेत, त्यांना वेळ द्यावा लागेल.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. मधे एक दिवस मोकळा हवा, म्हणजे मंगळवार, गुरुवार, रविवार असं काहीतरी धरा. मोकळ्या दिवशी चाललात तर उत्तम. हाड भरून येण्याचं काम त्या मोकळ्या दिवशीच होतं, त्यामुळे सलग दोन दिवस पळून "भरपाई" करू नका.

पहिले दोन आठवडे पळूच नका. रोज अर्धा तास हात हलवत भराभर चाला. वजन शंभराच्या आसपास असेल, तर हेच दोन महिने करा आणि त्यात कमीपणा मानू नका.

तिसऱ्या आठवड्यापासून आधी पाच मिनिटं चालायचं, मग एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालून श्वास खाली आणायचा. मोबाइलवर टायमर लावा, नाहीतर रस्त्याचे खांब मोजा. आमच्या रस्त्यावर एका मिनिटाला साधारण चार खांब व्हायचे. चौथा आठवडा तसाच. पाचव्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. सहाव्यात तीन आणि दोन, पाच वेळा. सातव्यात पाच आणि दोन, चार वेळा. आठवा पुन्हा तसाच, कारण माझ्या अनुभवात नडगी आणि टाच याच सुमारास कुरकुरायला लागतात. नवव्यात आठ आणि दोन, तीन वेळा. दहाव्यात दहा मिनिटांचे दोन तुकडे, मधे दोन मिनिटं चालणं. अकराव्यात पंधरा मिनिटांचा एक तुकडा आणि दहाचा एक, मधे तेवढंच चालणं. बाराव्यात पंचवीस मिनिटं सलग, जमलं तर तीस.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. मला बाराचे एकोणीस आठवडे लागले, नडगीचे सहा धरून. उलट कितीही सोपं वाटलं तरी एकही आठवडा गाळायचा नाही. पळण्याच्या प्रत्येक तुकड्यात निदान एकदा पाढा म्हणून बघा. मनातल्या मनात नको, तोंडानं. लाज वाटत असेल तर मैत्रिणीला सोबत न्या आणि गप्पा मारा. गप्पांमध्ये "थांब गं जरा" म्हणावं लागलं की वेग कमी करायचा.

पावलं, हात, श्वास

पाऊल लहान टाका. लांब ढांगा टाकल्या की पाय अंगाच्या पुढे पडतो, टाच आपटते आणि तो हादरा थेट गुडघ्यात जातो. पाय कमरेच्या खालीच पडला पाहिजे. त्याचा आवाज ऐका. धप धप येत असेल तर पावलं आणखी लहान आणि भरभर करा. नजर पंधरा-वीस फुटांवर. खांदे कानांपासून लांब. मूठ इतकीच मिटा की आत कढीपत्त्याचं पान असेल तर चुरगळणार नाही. मुठी आवळल्या की खांदे आवळतात आणि खांदे आवळले की श्वास.

श्वास फक्त नाकानंच घ्यायचा, हे अनेकजण सांगतील. ऐकू नका. नाक आणि तोंड दोन्हींनी घ्या. बरगडीखाली चमक भरली तर चालायला लागा, दुखतंय तिथं हातानं दाब द्या आणि तोंडानं लांब श्वास सोडा. मिनिटा-दोन मिनिटांत जाते.

बूट, कपडे, रस्ता

खर्च करायचा तो बुटांवर. मुलाचे जुने, ऑफिसचे किंवा कॅनव्हासचे बूट नकोत. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि पळतानाही तो सुजणारच असतो. पळताना घालणार तेच मोजे घालून जा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. दुकानात दहा पावलं पळून बघा, दुकानदार काही म्हणत नाही. तीन-चार हजारांत सुरुवातीपुरते चांगले बूट मिळतात. ५०० ते ८०० किलोमीटर झाले की वरून कितीही नवे दिसोत, त्यांचा तळ मेलेला असतो.

मोजे सुतीपेक्षा घाम न धरणारे घ्या, फोड येत नाहीत. मांड्या किंवा काख घासत असेल तर निघण्याआधी खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोळा.

मातीचं मैदान सगळ्यात चांगलं. मग डांबरी रस्ता. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक शेवटी, आणि तेही पावसाळ्यात नकोच, कारण शेवाळ धरलेल्या ब्लॉकवर पाय कधी जाईल सांगता येत नाही. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची आहे आणि तिथं पहाटे सोबत असतेच. पुण्यात तळजाईची टेकडी सुंदर आहे, पण पहिल्या तीन महिन्यांत तिथं चालायला जा, चढावर पळायला नको.

रस्त्यावर पळायचं असेल तर उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात फिकट कपडे घाला. कानात काही घालू नका.

कुत्री मागे लागली तर पळणं थांबवा. हे अवघड असतं, तरी थांबा. त्यांच्या डोळ्यांत बघू नका आणि पाठ न दाखवता हळूहळू चालत त्यांच्या हद्दीतून बाहेर पडा. चावलंच, किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची.

बायकांसाठी थोडं वेगळं

घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा ही चैन नाही, तीही बुटांइतकीच गरजेची आहे. ओढणी घरी ठेवा. जुना टी-शर्ट आणि सलवार चालते, पायघोळ नसावी एवढंच. पाळीत बरं वाटत असेल तर पळायला हरकत नाही, नसेल वाटत तर पळू नका. बाळंतपणानंतर निदान तीन महिने आणि सिझेरियन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर थांबा.

पळताना थेंबभर लघवी होणं, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही. मैदानावर आम्ही सहाजणी होतो. एकीनं धीर करून विषय काढला तेव्हा कळलं, चौघींना हा त्रास होता आणि त्यातल्या दोघी त्यापायीच पळणं सोडायच्या विचारात होत्या. हे बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये फार सर्रास आहे आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामानं बऱ्याच जणींचं कमी होतं. तो व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा, लाजू नका.

एकटीनं अंधारात जाऊ नका. उजाडल्यावर जा, नाहीतर दोघी-तिघी मिळून जा, आणि कुठे जातोय ते घरी सांगून ठेवा. सोसायटीतल्या नजरांची सवय दोन आठवड्यांत होते. तिसऱ्या आठवड्यात त्यातलीच एखादी विचारते, "मी येऊ का गं उद्या?"

खाणं आणि हवा

अर्ध्या तासाच्या पळण्याला वेगळा आहार लागत नाही. रिकाम्या पोटी गरगरत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि पाणी घ्या. पळून आल्यावर तासाभरात नीट नाश्ता करा, आणि त्यात नुसते पोहे नकोत. सोबत अंडं, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही, यांपैकी काहीतरी हवं. स्नायू त्यातूनच बांधले जातात.

वजन उतरवायला पळत असाल तर एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, साधारण एक कॅलरी. ७० किलोचं माणूस तीन किलोमीटर पळालं तर दोनशेच्या थोडी वर. एका वडापावात तेवढ्या सहज असतात. त्यामुळे वजन ताटातून उतरवा, पळणं दमासाठी, झोपेसाठी आणि गुडघ्यांभोवतीच्या ताकदीसाठी ठेवा.

मुंबई-कोकणात दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग तापत राहतं आणि त्याच वेगात धाप जास्त लागते. तिथं पाढा लवकर तुटेल, वेग आणखी उतरवा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत घरी परत या. खूप घाम गेला असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत पुरतं. पावसात बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. उन्हात तापवले तर डिंक सुटतो.

आठवड्यातून दोनदा घरी पंधरा मिनिटं द्या. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली, पंधरा वेळा. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, पंधरा वेळा. दात घासताना एका पायावर उभं राहणं, मग दुसऱ्या. गुडघ्याच्या वाटीभोवतीची कुरकुर कमी करायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

खंड पडला तर

पडणारच. गणपती, लग्नं, मुलांच्या परीक्षा, वर्षअखेरीचे हिशेब. एक आठवडा गेला तर जिथं होतात तिथूनच सुरू करा. दोन आठवडे गेले तर दोन पायऱ्या मागे जा. महिना गेला तर पाच आणि दोनच्या पायरीवर या. ताप आला असेल तर तो गेल्यावर पूर्ण आठवडा जाऊ द्या. डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतर सांध्यांची सूज उतरेपर्यंत फक्त चाला.

शर्यतीचं नाव बारा आठवडे पूर्ण झाल्यावरच नोंदवा आणि पहिली पाच-सहा किलोमीटरचीच निवडा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, तिच्यातली ड्रीम रन साधारण सहा किलोमीटरची आहे आणि त्यात चालत गेलात तरी चालतं. सातारा हिल मॅरेथॉनचे फोटो बघून मन खेचलं जातं, पण ती यवतेश्वरच्या घाटातली २१ किलोमीटरची चढ-उताराची शर्यत आहे. तिच्यासाठी एक-दोन वर्षं पाय मुरू द्या.

यंदा गौरी-गणपतीत माझे सोळा दिवस गेले. काल मंगळवारी मैदानावर गेले तेव्हा दोन पायऱ्यांवर न थांबता थेट पाच आणि दोनवर परत आले. चौथ्या तुकड्यात तेरा सख अठ्ठ्याहत्तरला श्वास अडकला, तेव्हा वेग उतरवला आणि पाढा पहिल्यापासून सुरू केला. उद्या गुरुवार आहे, पुन्हा पाच आणि दोनच.